कोपऱ्यातला विटकरी डाग

सर, तुमच्या नावाचा हॉल होतोय. आपल्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाची ती डांबरगोळ्यांच्या वासाची खोली आठवते ना, जिथे पंखा लावायला तुम्ही बंदी घातली होती, कारण वाऱ्याने पंख फाटतात? तिला रंग दिलाय, काचेची कपाटं आणली आहेत आणि दारावर तुमच्या नावाची पाटी बसणार आहे. हे मला तुमच्या विद्यार्थ्याने कळवलं. माझ्या एक वर्ष मागे होता तो, आता विभागप्रमुख आहे. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, तुम्ही बहरीनला असता म्हणून खास विनंती. सरांच्या संग्रहात तिकडची दोन फुलपाखरं आहेत. त्यांच्याबद्दल आणि सरांबद्दल दोन ओळी लिहून द्या, तुमच्या नावासकट कार्डावर छापतो." मी गुदैबियातल्या माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी होते, कुकरची शिट्टी व्हायची होती. फोटो बोटांनी मोठा केला. तीच दोन फुलपाखरं, एकाचा उजवा पंख जरा तिरका बसलेला, आणि तेच लेबल. कुकरने शिट्ट्या मारल्या, मी काही गॅस बंद केला नाही. वरण करपलं.

तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं तर लिहिता येईल. फुलपाखरांच्या कुळांपैकी तुमचं लाडकं कूळ शेपटीवाल्यांचं. मागच्या पंखांना शेपटीसारखं टोक असतं म्हणून ते नाव. त्या कुळातही तुमचा जीव जडला होता तो एका छोट्या घराण्यावर, ज्यांना शेपटीच नाही. काळ्यावर पिवळ्या ठिपक्यांची, लिंबाच्या झाडावर वाढणारी ही भावंडं. एक आपलं, आपल्या अंगणातलं, ज्याला लिंबाळी म्हणतात. एक आफ्रिकेतलं. बाकीची मादागास्करची. दुरून बघितलं तर सगळी सारखीच, आणि नेमकं तेच तुम्हाला आवडायचं. "लांबच्या नात्यातल्यांना कोणीही ओळखेल," तुम्ही म्हणायचात, "सख्ख्यांना वेगळं काढेल तो खरा." सुकलेल्या फुलपाखराला ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून नरम कसं करायचं, टाचणी छातीतून सरळ कशी न्यायची, पंख फळीवर पसरताना श्वास कसा धरायचा, हे तुम्ही मला शिकवलंत. मी टाचणी रेटली की म्हणायचात, "घाई नको. पंख कुठे पळून जात नाही." तो आवाज माझ्या कानात आहे अजून. इथल्या माझ्या लॅबमध्ये काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरताना मी नवीन पोरींना तेच सांगते आणि मग माझा मलाच राग येतो.

कारण तुमचं दुसरं वाक्यही मला तितकंच पाठ आहे. "जागा सांगा, नाव सांगतो." कोणी फुलपाखरू आणलं की तुम्ही आधी फुलपाखराकडे बघत नसात, चिठ्ठीकडे बघत असात. तुमचा सिद्धांतच होता की एका घराण्यातली सख्खी भावंडं एका मुलखात नांदत नाहीत. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू होते. म्हणून मुलूख कळला की जात कळली. हा शब्द तुमचाच, सर. प्रजाती न म्हणता तुम्ही जातच म्हणायचात, आणि म्हणताना तुम्हाला काही वाटत नसे. वर्गातल्या पहिल्या दिवशी आमच्यातही तुम्ही तेच केलंत. एकेकाला उभं करून विचारलंत, गाव कोणतं, आडनाव काय. कोणाला म्हणालात, "अरे, म्हणजे तुम्ही त्या वाड्यातले." कोणाला, "तुझ्या मामांना ओळखतो मी." माझी पाळी आली. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं, बरं." दोनदा. आणि पुढच्याकडे वळलात. आमच्या गावात ते आडनाव फक्त विहाराच्या बाजूच्या वस्तीतच आहे, हे तुम्हाला माहीत होतं. जिल्ह्यातलं प्रत्येक फुलपाखरू आणि प्रत्येक आडनाव तुम्हाला माहीत होतं.

तरी माझं अक्षर बारीक आणि सुबक म्हणून लेबलं लिहायचं काम तुम्ही मला दिलंत, आणि त्यासाठी तुमच्या खिशातलं बारीक निबचं पेन काढून दिलंत. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेत होते. घरी जाऊन दादाला पत्र लिहिलं. माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच बहरीनला एसी दुरुस्तीच्या कामावर लागला होता. लिहिलं की तिकडे लिंबाच्या झाडावर काळं-पिवळं फुलपाखरू दिसलं तर माझ्यासाठी आण, आमच्या सरांना लागतं. दादाला फुलपाखरातलं ओ की ठो कळत नाही. पण बहिणीने मागितलंय म्हटल्यावर त्याने जिदहफ्सच्या एका बागेत, छतावरचं काम सोडून, डोक्यावरच्या टोपीने दोन पकडली. ऊन असं की लोखंडी शिडीला हात लावता येत नव्हता, हे त्याने नंतर हसत सांगितलं. मुहर्रकच्या हलव्याचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात कापूस, त्यात ती दोन फुलपाखरं, आणि वर चिठ्ठी: जागा, तारीख आणि त्याचं नाव, मी कळवल्याप्रमाणे. सुट्टीवर आला तेव्हा बॅगेत न घालता मांडीवर ठेवून त्याने तो डबा विमानातून आणला.

ती दुपार आता मी पुन्हा बघते. डबा टेबलावर आहे, बाजूला पाच-सहा मुलं आहेत. तुम्ही झाकण काढता, चिठ्ठी उचलता, "बहरीन" वाचता आणि तुमचा दुसरा हात आपोआप आफ्रिकेच्या खणाकडे जातो. फुलपाखरं अजून कापसातच आहेत. मी म्हणते, "सर, मागच्या पंखाचा आतला कोपरा बघा ना." तुम्हीच शिकवलं होतं ते. आफ्रिकेतल्याच्या तिथे डोळा असतो, गोल, काळ्या-निळ्या कड्याचा. आपल्याच्या तिथे नुसता विटकरी डाग असतो, लांबट, वर निळसर टोपी घातल्यासारखा. कापसातल्या त्या दोन्हींना विटकरी डाग होता, भिंग न लावता दिसत होता. तुम्ही म्हणालात, "डाग नंतर. आधी जागा. अरबस्तान हा आफ्रिकेचा मुलूख आहे." मी म्हटलं, "पण सर, कॉलेजच्या मागे लिंबावर आहे, तेच आहे हे." तेव्हा तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माणसाला आपल्या वस्तीतलंच सगळीकडे दिसतं." मुलं हसली. तुम्हीही हसलात. वस्ती हा शब्द तुम्ही साधेपणाने वापरला होता की नाही, याचा मी पुढे कितीतरी वर्षं विचार केला. आता करत नाही. तुम्ही शब्द तोलून वापरणारे होता.

मग लेबल. मी तुमचंच पेन घेऊन बसले. तुम्ही सांगत गेलात: जागा, तारीख. तिसरी ओळ संग्राहकाची, म्हणजे ज्याने पकडलं त्याची. मी दादाचं नाव लिहायला घेतलं तर तुम्ही म्हणालात, "थांब. तिथे लिही, एका आखाती कामगाराकडून." मी म्हटलं, "सर, त्याला नाव आहे. चिठ्ठीवर आहे." तुम्ही शांतपणे, अगदी शिकवण्याच्या सुरात म्हणालात, "अगं, संग्राहक म्हणजे ज्याला कळतं तो. तुझा भाऊ यंत्रं दुरुस्त करतो ना? त्याला कशाला त्या ओळीत बसवतेस?" चौथी ओळ होती, ओळख कोणी पटवली त्याची. तिथे तुमचं नाव जायचं होतं, फुलपाखराच्या चुकीच्या नावाखाली. मी पेन टेबलावर ठेवलं. तुम्ही म्हणालात, "खाली ठेवलंस तर परत उचलायचं नाही." मी नाही उचललं. शेजारी बसलेल्या मुलाने उचललं आणि तुम्ही सांगितलं तसं, शब्दन् शब्द लिहिलं. तोच आता विभागप्रमुख आहे. फोटोतलं ते अक्षर त्याचंच आहे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. खणांची किल्ली माझ्याकडून गेली. संशोधनासाठी विद्यार्थी घ्यायची वेळ आली तेव्हा माझे गुण सगळ्यांच्या वर होते, पण तुम्ही म्हणालात, "हिचा पिंड प्रयोगशाळेतल्या कामाचा आहे. नमुने तपासेल छान." मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला, दादाने व्हिसाची खटपट केली आणि मी इथे आले. सध्या बुसैतीनला एका लॅबमध्ये आहे, शिफ्ट ड्यूटी. छान तपासते नमुने. माझी जागा तुम्ही बरोबर ओळखलीत असंच म्हणायचं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. मला काहीच वाटलं नाही, आणि काही न वाटल्याचं मला बरं वाटलं होतं.

इथलं एक सांगते. इथे मी फक्त इंडियन आहे. केरळची सिस्टर असो, फिलिपिनो मुलगी असो की बहरीनी डॉक्टर, आडनावावरून माझी वस्ती कोणाला काढता येत नाही. दादा म्हणतो, "आडनाव इथल्या ओळखपत्रावर, सीपीआर कार्डावर हायच की. पर वाचणाऱ्याला कळत न्हाय, त्यामुळं झोप चांगली लागती." मराठी लोकांच्या कार्यक्रमाला गेलं की मात्र कोणीतरी बशी हातात घेऊन विचारतंच, तुम्ही मूळचे कुठले. त्या क्षणी मला तुमचा हात खणाकडे जाताना दिसतो.

तर विभागप्रमुखांना मी लिहिलं, की दोन ओळी देते, पण आधी लेबल दुरुस्त कर. ते आफ्रिकेचं नाही, आपलं आहे. आणि पकडणाऱ्याला नाव आहे. त्याने फोनच केला. म्हणाला, "ताई, डाग मला दिसत नाही का? रोज दिसतो. पण हॉल सरांच्या नावाचा, आणि त्यातलंच लेबल चूक म्हणायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील की चुकलं होतं." मग तो म्हणाला, "नुसत्या फोटोवर मला सरांची ओळख खोडता येणार नाही. तिकडचा ताजा नमुना पाठवा, नीट लेबल लावून. शेजारी ठेवतो, जुन्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लावतो, दोन्हींवर दादांचं नाव घालतो. शब्द देतो." रीतीला धरून होतं ते, मी नाही म्हणू शकले नाही. दादा कायमचा घरी निघाला होता, त्याचा व्हिसा संपत आला होता. म्हटलं, पहिला डबा त्याने नेला, दुसराही तोच नेईल.

आणि ते पाखरू शोधायलाही जावं लागलं नाही, सर. दादाने जिदहफ्सहून भाजीबरोबर कढीपत्त्याची एक मोठी फांदी आणली. एका बंगल्यात आहे झाड, मालकीण देते. फांदीवर पक्ष्याची शीट पडावी तशी एक अळी बसलेली. आपल्या अंगणात असते तीच. दादा फेकून देत होता, मी त्याचा हात धरला. बरणीत ठेवली, रोज कढीपत्ता घातला. आमटीला पान उरेना म्हणून दादा कुरकुरला. ती हिरवी झाली, मग देठाला दोरा बांधून कोश केला, आणि एके सकाळी बाहेर येऊन पंख वाळवत बसली. मी कोपरा बघितला. विटकरी डाग, लांबट, निळी टोपी. मला वाटलं होतं मी आनंदाने ओरडेन. तसं काही झालं नाही. मी खुर्चीत बसले आणि रडले, कारण इतक्या वर्षांपूर्वी तुम्ही कापसात वाकून एकदा बघितलं असतंत तर हे तेव्हाच संपलं असतं.

मग पंख कडक व्हायची वाट पाहिली आणि छाती चिमटीत दाबली, तुम्ही शिकवली तशी. वाईट वाटलं, तरी दाबली. दादा दारात उभा होता. म्हणाला, "आगं, विहारात पंचशील म्हणतो आपण, आन् तू सकाळी सकाळी जीव घेतलास?" मी म्हटलं, "तुझं नाव लावण्यासाठी घेतला." तो म्हणाला, "मी मागितलंवतं का नाव? खलास झालं ते. सोड की." मी म्हटलं, "मला हवंय." त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि चहा ठेवायला आत गेला. चहा पिताना मात्र त्याने हळूच विचारलं, "पुरं नाव लिवणार का नुसतंच?" मी म्हटलं पूर्ण, बापाच्या नावासकट. तेव्हा त्याने बशीत चहा ओतला आणि मान हलवली.

हेही ऐका. तुमचा सिद्धांत पुरता खोटा नव्हता, म्हणून जास्त राग येतो. आफ्रिकेतलं खरंच अरबस्तानात येतं, पण फक्त खालच्या टोकाला, येमेन आणि ओमानच्या दक्षिणेकडे, जिथे डोंगर आहेत. इकडे आखातात आहे ते आपलं. आणि ते हद्द वगैरे मानत नाही. जिथे लिंबू, संत्रं, कढीपत्ता लागेल तिथे जातं, समुद्रापलीकडे पोहोचलंय, कोणी बोलावलं नसताना. मादागास्करला तर त्याच घराण्यातली सख्खी भावंडं एकाच बेटावर नांदतात. तुमच्या खणातही ती शेजारी-शेजारी टोचलेली होती. रोज बघत होतात तुम्ही. कोणाची जागा कुठे हे आधीच ठरवलेल्या माणसाला डोळे असून उपयोग काय?

लेबल मी लिहिलं. बारीक निबचं पेन मनामाच्या बाजारात शोधून आणलं. पहिली ओळ जिदहफ्स, बहरीन. दुसरी तारीख. तिसरी दादाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. तेव्हाच्यासारखाच डबा, हलव्याचाच, फक्त आता प्लास्टिकचं झाकण येतं. विमानतळावर दादाने तो पुन्हा मांडीवर घेतला होता. म्हणाला, "यल्ला, चल, जातो. रडू नगंस."

आज त्याचा फोन आला, कॉलेजमधूनच. हॉलच्या बाहेर बाकावर बसलाय म्हणाला. "चांगला माणूस हाय तुझा. च्या दिला, बिस्किटं दिली. डबा उघडून भिंगातनं बगितलं, म्हणला बरोबर हाय, चिठ्ठी लावतो. मग मला इचारलं, गाव कुठलं, आडनाव वाचलं परत एकदा." मी विचारलं, "मग?" दादा म्हणाला, "मग काय. बरं, बरं म्हणला." मी विचारलं, "किती वेळा?" तो हसला. "आता ते कशाला मोजू? दोनदा म्हणला आसंल." दादाच पुढे म्हणाला, "पर एक घोळ हाय. चौथी ओळ मोकळी सोडलीयस म्हणे. ओळखलं कुणी ते लिवल्याबिगर खणात ठेवता येत न्हाय, तशी रीत हाय म्हणतोय. तुझं नाव पाठीव, तो बसलाय थांबून."

घोळ नव्हता, सर. मी ती ओळ मुद्दाम सोडली होती असंही नाही. तिसरी लिहून झाली आणि हात आपोआप थांबला, कारण त्या खोलीत चौथी ओळ नेहमी तुमची असायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुम्ही चुकला होतात हे सिद्ध करायला मी एक जीव मारला, आणि तुमची ओळ तुमच्यासाठी राखून ठेवली. याचा मला जेवढा संताप आलाय, तेवढा त्या दुपारीही आला नव्हता.

नाव पाठवलं. पूर्ण. आता दादा तिथून निघाला असेल. तुमच्याबद्दलच्या दोन ओळी मी दिल्या नाहीत, देणारही नाही. आणि हे लिहिलंय ते कुठे पाठवायचं, म्हणून इथेच राहील. तुम्हाला सांगायची एकच गोष्ट उरली, ती दादालाही सांगितली नाही. पाठवायच्या आधी मी आडनाव खोडलं होतं. नुसतं नाव कसं दिसतं ते बघत बसले होते थोडा वेळ. मग परत घातलं.